एकांडी भटकंती, थंडीचा मोसम : वाचकांचे प्रश्न

दिवाळी उलटली, गवत पिवळं पडलं की या सदराकडे एकट्यानं डोंगरात जाण्याबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. पुढची उत्तरं धरून चालतात की तुम्ही सोबत्यांबरोबर सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडला आहात. तसं नसेल तर हा मोसम कुठल्या तरी ग्रुपबरोबर घालवा, एकट्याचं पुढच्या वर्षी बघू.

प्र. कळसूबाई एकट्यानं, एका दिवसात करायचं आहे. कसाऱ्याला लोकलनं उतरून बारी गावात पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होणार. इतक्या उशिरा चढायला घेतलं तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

चालेल, पण परतायची वेळ घरीच ठरवून निघा. डिसेंबरअखेर या भागात सूर्य सात-सव्वासातला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. मावळल्यावर पायवाट दिसण्याइतका उजेड वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, झाडीत तेवढाही नाही.

वेळेच्या हिशोबासाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला. आजच्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक. आपल्याकडच्या दगडधोंड्यांना आणि उन्हाला तो फार उदार आहे. सह्याद्रीत चार किलोमीटरला एक तास आणि ४०० मीटर चढाला एक तास धरा. बारीतून शिखर (१६४६ मीटर) सुमारे सहा किलोमीटर आणि ८०० मीटर चढ. म्हणजे दीड अधिक दोन, साडेतीन तास. उतरायला निम्मा वेळ लागतो असं सर्रास धरलं जातं आणि बहुतेकांचं गणित तिथेच फसतं. घसरड्या वाटेवर, थकलेल्या गुडघ्यांनी उतरायला चढाईच्या पाऊण पट वेळ लागतो. इथे अडीच तास पकडा.

आता उलटं मोजा. साडेपाचला गावात हवं. त्यातून उतरणीचे अडीच तास वजा केले की तीन वाजले. एकटे आहात, म्हणून आणखी एक तास राखीव. उरले दोन. तर दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग शिखरावरचं देऊळ समोर दिसत का असेना. दहाला निघालात तर दीडपर्यंत माथ्यावर असायला हवं, म्हणजे वर अर्धा तास मिळतो. अकरा वाजून गेले असतील तर त्या दिवशी शिखर सोडा.

राखीव तास कशासाठी? ग्रुपमध्ये कुणाचा पाय मुरगळला तर एक जण सॅक घेतो, दुसरा खांदा देतो. एकट्याला त्याच पायानं, त्याच सॅकसकट यायचं असतं, आणि अडीच तासांचे सहज चार होतात.

शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांवर रांग लागते आणि कधीकधी अर्धा तास त्यातच जातो. तरीही पहिल्या एकट्या चढाईसाठी आम्ही रविवारच सुचवू. गर्दी त्रासदायक असली तरी कुणाला तरी हाक मारता येते. पुढच्या खेपेला मंगळवार निवडा. आणि सुट्टीच्या दिवशी वाटेवर सरबत विकणारे भेटतात म्हणून पाणी कमी नेऊ नका. मधल्या वारी ते नसतात.

प्र. चढताना वाट चुकत नाही, उतरताना हटकून चुकते. जीपीएस असूनही! असं का होतं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

कारण डोंगराचा आकारच तसा आहे. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात, थोडं डावं-उजवं झालं तरी वर पोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. माथ्याजवळ वीस पावलांचा फरक पडला की पायथ्याशी भलत्याच खोऱ्यात उतरता. त्यात हिवाळ्यात गुरं चरून गेलेली असतात आणि पठारभर ढोरवाटा उमटलेल्या असतात, तुमच्या वाटेपेक्षा ठळक.

ढोरवाट ओळखायची कशी? ती उंची न सोडता आडवी जात राहते. शेणाचे पो असतात, पण बुटांचे ठसे, बिस्किटाचे कागद (दुर्दैवानं हीही खूण झाली आहे) नसतात. थोड्या अंतरावर ती तीन-चार पट्ट्यांत फुटते आणि पुन्हा जुळते. कारवीत शिरल्यावर कमरेच्या उंचीला मोकळी, पण छातीशी फांद्या आडव्या येत असतील, तर ती माणसांनी मळलेली नाही. माणसांच्या वाटेवर फांद्या वरपर्यंत कोयत्यानं तोडलेल्या सापडतात.

चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळा आणि मागचा फोटो काढा. उतरताना जे दिसणार आहे ते तेच. समोरचे फोटो घरी दाखवायला ठीक, वाट शोधायला निरुपयोगी. फाट्यावर दगडावर दगड रचायचा असेल तर उतरताना तो मोडून या, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या चुकीमागून जाईल.

वाट हरवल्याची शंका आल्यावर आणखी दहा मिनिटांत ठसा, बाण, काहीच सापडलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत चढा. अंगावर येतं, मान्य. पण त्याऐवजी लोक जे करतात ते जास्त धोक्याचं आहे : "ही घळ खाली गावातच जाते" म्हणून कोरड्या ओढ्यात शिरतात. पाणी गावात जातं हे खरं, पण ते पावसाळ्यात धबधब्यांनी जातं. आपला बेसाल्ट थरांचा, त्यामुळे घळीत दर थोड्या अंतरानं कातळाची पायरी येते. पहिली दोन-अडीच मीटरची असते, बसून घसरत उतरता येते. मात्र परत चढता येत नाही. पुढची पंधरा-वीस मीटरची निघाली की माणूस दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकतो, आणि घळीत मोबाईलला रेंज नसते.

जीपीएसबद्दल : उभ्या कड्याला लागून किंवा अरुंद नळीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि जागा चाळीस-पन्नास मीटर सरकलेली दिसू शकते. कड्याच्या काठावर तेवढा फरक म्हणजे वरचा पदर की खालचा, हाच फरक. शिवाय सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस मीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांमध्ये अख्खा लपतो. नकाशावर उतार सलग दिसला म्हणून वाट सलग असते असं नाही.

प्र. साल्हेर आणि सालोटा एकट्यानं एका दिवसात जमतील का? आधी कुठला करावा? घसाऱ्याची भीती वाटते. (शिक्षक, सिन्नर)

जमतात, पायाला सवय असेल तर. मोटारसायकल असेल तर ताहाराबाद, मुल्हेरमार्गे सरळ वाघांब्याला जा. तिथून दोन्ही गडांच्या मधल्या खिंडीत चढता येतं आणि परतही तिथेच यायचं असतं. साल्हेरवाडीच्या बाजूनं उतरायचा मोह नको, गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला राहते.

साल्हेर (१५६७ मीटर) राज्यातला सर्वांत उंच किल्ला. खिंडीतून वर कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाज्यांची माळ, गुहांसमोरून आडवी जाणारी वाट, मग विस्तीर्ण पठार आणि गंगासागर तलाव. खरा माथा त्याच्याही वर, परशुरामाच्या देवळाशी. वाट लांब असली तरी रुळलेली आहे. सालोटा बुटका, पण त्याची वाट अरुंद, एका बाजूला दरी आणि पायाखाली सुटा मुरूम. म्हणून आमचं मत : सालोटा आधी, ताज्या पायांनी, उन्हं तापायच्या आत. खिंडीत पोचायलाच साडेदहा वाजले असतील तर सालोटा सोडून द्या आणि एकटा साल्हेर निवांत करा. साल्हेर उतरून दुपारी तीनला थकलेल्या मांड्यांनी सालोट्याच्या आडव्या वाटेवर जाणं, एकट्यानं, नको.

घसारा म्हणजे घट्ट उतारावर पसरलेली सुटी खडी. पाय सरकतो तो खडी खालच्या थरावर घरंगळते म्हणून. घाबरलेला माणूस मागे, डोंगराकडे झुकतो. त्यानं वजन टाचेच्याही मागे जातं आणि पाय पुढे निसटतात. करायचं उलटं : गुडघे किंचित वाकवा, नाक बुटाच्या टोकावर येईल इतपत पुढे या, पावलं वीतभर टाका. माती खोल आणि मऊ असेल तर टाच रोवा. खाली कातळ आणि वर पातळ खडी असेल तर टाच रोवून काही उपयोग नाही, अख्खा तळवा टेकवा. सरळ खाली न उतरता तिरकं जा, पायाखालचा दगड हलतो का ते वजन टाकण्याआधी पाहा. सुकलेल्या गवताच्या झुपक्याला वरून धरू नका, तो मुळासकट येतो. धरायचाच तर अगदी मातीलगत. बसून घसरणं शेवटचा उपाय, कारण एकदा वेग आला की थांबवायला काही हाताशी नसतं.

काठी एकच ठेवा, दरीच्या बाजूच्या हातात. डोंगराकडचा हात मोकळा हवा. मात्र तो हात न बघता खोबणीत घालू नका, थंडीत सकाळच्या उन्हाला घोणस आणि फुरसं अशाच उबदार दगडांवर येऊन पडतात.

सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारावर गवत दहा वाजेपर्यंत दवानं ओलं असतं. झिजलेल्या तळव्याचे बूट तिथे फसवतात. महागडे परदेशी बूट हवेतच असं नाही, सह्याद्रीत वर्षानुवर्षं स्वस्तातल्या ॲक्शनच्या बुटांनी लोक फिरतात. तळव्याचं रबर मऊ आणि खाचा खोल असल्या म्हणजे झालं.

प्र. एका दिवसासाठी सॅकमध्ये नेमकं काय? दरवेळी एक तर जास्त होतं, नाहीतर महत्त्वाचं राहतं. (वाचक, कोल्हापूर)

पाणी आधी. चालण्याच्या तासाला अर्धा लीटर; सात तासांना साडेतीन. गडावरच्या टाक्यांतलं पाणी डिसेंबरात सहसा असतं, पण पिण्याचं टाकं कुठलं हे ठाऊक नसेल तर हिशोबात धरू नका. एक लीटरची ओआरएसची दोन पाकिटं. एक लीटर पाण्यात अख्खं पाकीट, अर्ध्या बाटलीत चिमूटभर नव्हे.

डोक्याला बांधायचा टॉर्च आणि सुटे सेल. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे, तो हात अडवतो आणि बॅटरी खातो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक, वायरसकट. शिट्टी, सॅकच्या पट्ट्याला बांधलेली, आत नव्हे. दहा सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज. चंदेरी फॉइलचं ब्लँकेट, ते मुठीत मावतं. विंडचीटर : हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे कळसूबाईवर बारीपेक्षा पाचेक अंश कमी, वर वारा. सुती बनियन घामानं भिजलं की माथ्यावर थंडी त्यामुळेच वाजते. खायला गूळपोळी, चिक्की, दशम्या. दोर नको. एकट्यानं दोर वापरायचं शिक्षण नसेल तर तो नुसता भार आहे.

आणि कुसळं. याचा विचार कुणी करत नाही आणि दुपारपर्यंत दर दहा मिनिटांनी बसून मोजे उकलायची वेळ येते. कुसळाचं शेपूट ओलावा लागला की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पिळतं, आणि त्या फिरण्यानं टोक गिरमिटासारखं कापडात, मग कातडीत शिरतं. टोकावरचे केस उलटे असल्यानं ओढून सहज निघत नाही. लोकरी मोजे सर्वांत वाईट. घोट्यापासून पोटरीपर्यंत गेटर (पायावर चढवायचं कापडी आवरण) चढवा, नसेल तर गुळगुळीत नायलॉनची पँट मोज्यांवरून सोडा. छोटा चिमटा बँडेजच्या पिशवीत असू द्या.

प्र. घरच्यांचं म्हणणं, "सतत लोकेशन दाखवत राहा, तरच जा." डोंगरात रेंज नसते. मार्ग काय? परदेशातला भाऊ सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतो म्हणतोय. (वाचक ताई, पनवेल)

भावाला आधी थांबवा. गार्मिन इनरीचसारखी उपग्रह-संदेशयंत्रं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर ती पकडली गेल्याची आणि प्रवासी अडचणीत आल्याची उदाहरणं आहेत.

सतत लोकेशनचा हट्ट सोडवायला घरी एक मेसेज लिहून ठेवा. त्यात हे सगळं हवं : कुठल्या गावातून, कुठल्या वाटेनं वर आणि कुठल्या वाटेनं खाली, गाडीचा नंबर आणि ती कुठे लावली, कपड्यांचा आणि सॅकचा रंग, परतीचा फोन किती वाजता येईल, आणि फोन नाही आला तर किती वाजता, कुणाला फोन करायचा. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. घरचे मग रात्री दहापर्यंत "येईल, रेंज नसेल" म्हणत बसतात, किंवा साडेपाचलाच घाबरून पोलिसांत जातात. उदाहरणार्थ : साडेपाचला फोन, साडेसातपर्यंत नाही आला तर गावातल्या अमुक घरी, तिथून उत्तर नाही तर ११२. एकदा सांगितलेली वाट वर जाऊन बदलायची नाही. शोध घेणारे तुम्ही सांगितलेल्या वाटेवरच शोधतील.

गावातलं घर हे यातलं सर्वांत उपयोगाचं. पायथ्याच्या पहिल्या-दुसऱ्या घरी थांबा, चहा घ्या, "मामा, एकटीच वर चाललेय, पाचपर्यंत येते, आले की सांगून जाईन" एवढं बोला, फोन नंबर घ्या-द्या. आणि उतरल्यावर खरोखर सांगून जा. गावकऱ्यांना वाट, पाणी, कालचा वणवा, आग्या मोहोळ कुठे बसलंय, सगळं ठाऊक असतं. राज्यात बचावकार्य करणाऱ्या गिर्यारोहकांच्या संस्था आहेत, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र त्यांपैकी एक, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे काम जोडून देतं. तरी जखमी माणसापाशी आधी पोचतो तो बहुधा गावातलाच कुणीतरी.

फोन वर असताना एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी जाते. संकटाची खूण : मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. टॉर्चनंही तसंच.

प्र. आग्या माश्या उठल्या तर? (वाचक, अकोले)

पळायचं, थांबायचं नाही. नाक-तोंड कापडानं झाका, हात झटकू नका, मेलेल्या माशीच्या वासानं बाकीच्या येतात. झाडीत शिरा आणि काही शे मीटर तरी जा, पण कड्याच्या दिशेनं नको. काटे नखानं लगेच खरवडा. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट दवाखाना. उठूच नयेत म्हणून अत्तर, धूर, ड्रोन आणि कड्याखाली आरोळ्या टाळा.

प्र. नोकरीनिमित्त एडिंबराला आलो आहे. सह्याद्रीत दहा वर्षं फिरलोय. हिवाळ्यात एकट्यानं मन्रो करायला सुरुवात करू का? (वाचक, एडिंबरा)

या हिवाळ्यात एकट्यानं नाही. मन्रो म्हणजे स्कॉटलंडमधली ३००० फुटांवरची (९१४ मीटर) शिखरं, आजच्या यादीत २८२, सर ह्यू मन्रो यांच्या १८९१ च्या यादीवरून नाव पडलेलं. उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. २१ डिसेंबरला एडिंबऱ्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन-चाळीसला मावळतो. म्हणजे जेमतेम सात तास. वर ठाण्याच्या वाचकांना दिलेला हिशोब इथे मांडला तर आठशे मीटरच्या डोंगरालाही दिवस पुरत नाही, अंधारात निघावं लागतं.

तुमचा कातळावरचा तोल कामी येईल. घसाऱ्यावरची सवय मात्र घातक ठरेल : कडक बर्फावर पाय सुटला तर दोन सेकंदांत आइस ॲक्सनं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीनं) स्वतःला थांबवावं लागतं, आणि ते सुरक्षित उतारावर पुन्हा पुन्हा करूनच अंगात भिनतं. ॲव्हिमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजमध्ये याचे हिवाळी वर्ग असतात. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) बसतील असे ताठ तळव्याचे बूट घ्या. रबरी पट्ट्यांचे मायक्रोस्पाइक सपाट वाटेपुरते ठीक, उतारावर नाहीत. रोज माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज आणि स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचं हिमप्रपाताचं पत्रक वाचा. त्यात वाऱ्याचा आकडा तापमानापेक्षा आधी बघा. ताशी ४० मैलांच्या पुढे चालणं अवघड होतं.

दुसरी नवी गोष्ट, धुक्यात जमीन आणि आकाश एकच पांढरं दिसतं, कड्याच्या काठावर बर्फाचे छज्जे लोंबत असतात. तिथे होकायंत्र आणि पावलांची मोजणी लागते. बेन नेव्हिसच्या माथ्यावरून उतरायला २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश, हे ग्रिडचे (नकाशावरच्या उभ्या रेषांपासून मोजलेले) आकडे तिथले लोक पाठ ठेवतात. शंभर मीटरला तुमची किती पावलं पडतात हे शहरातल्या मैदानावर मोजून घ्या. मदतीसाठी ९९९, आधी 'पोलीस' मागायचं, मग 'माउंटन रेस्क्यू'. एसएमएसनं मदत मागता यावी म्हणून नंबर आधीच नोंदवून ठेवा.

प्र. हजार मीटरवरची शिखरं एकेक करून करायची यादी बनवतोय. शिखर "झालं" कधी म्हणायचं? अलंग, मदन, कुलंग हे किल्लेही एकट्यानं धरू का? (वाचक, नाशिक)

सर्वोच्च बिंदूवर पाय टेकला तेव्हा. हरिश्चंद्रगडावर बहुतेक जण कोकणकडा बघून परततात. गडाचा माथा तारामती (१४२९ मीटर) आहे. यादी गंभीरपणे करायची तर प्रत्येक शिखर शेजारच्या खिंडीपासून किती उठलेलं आहे तेही लिहा, नाहीतर एकाच पठारावरचे चार उंचवटे चार शिखरं होतात. शंभर मीटरचा उठाव ही सोयीची सीमा.

अलंग आणि मदनच्या वाटेवर सरळ कातळटप्पे आहेत, दोर आणि तो धरणारा माणूस लागतो. एकट्याच्या यादीत ते घेऊ नका. कुलंग दोराशिवाय चढता येतो, पण चढ एकसलग आणि लांब. सूर्योदयाला पायथा सोडलात तरच, आणि शिरपुंज्याजवळचा घनचक्कर (१५३२ मीटर) त्याच्या आधी करा. तिथे कातळ कमी आणि वाट शोधण्याची परीक्षा जास्त आहे.